एका घरातल्या चौघी आणि एक विषाणू

प्रश्न : डॉक्टरताई, मी नागपुरात महाल भागात राहते, वय ३९. मुलगी बारा वर्षांची, सातवीत आहे. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी तिला एचपीव्हीची लस द्यायला सांगितली आहे. सासूबाई ऐकायला तयार नाहीत. ‘पोरीचं लग्न व्हाचं आहे अजून, अन् तिले काहाले पायजे असलं इंजेक्शन?’ असं म्हणून त्यांनी विषयच बंद केला. ह्यांच्या फोनवर मेसेज आलाय की या लसीनं मुलींना पुढे मूल होत नाही आणि पूर्वी काही मुली दगावल्याही होत्या. माझी नणंद चार वर्षांपूर्वी पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं गेली, ४४ व्या वर्षी. घरात ‘गाठ होती’ एवढंच बोलतात. त्या धास्तीनं मी दोन महिन्यांपूर्वी गुपचूप तपासणी करून घेतली. पॅप (पिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) नॉर्मल आहे, पण एचपीव्ही पॉझिटिव्ह. १६ आणि १८ नाही, ‘इतर हाय रिस्क’ असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाल्या, वर्षानं परत या. घरी कुणाला सांगितलं नाही. लग्नाला पंधरा वर्षं झाली, मी कधी वाकडं पाऊल टाकलं नाही. मग हे आलं कुठून? ह्यांच्यावर संशय घेऊ का? मुलीला माझ्यापासून लागलं असेल का? रात्र रात्र झोप येत नाही.
(एक आई, नागपूर)

उत्तर : ताई, आधी झोपेचं बोलू. तुमच्या रिपोर्टचा अर्थ कॅन्सर असा नाही. कॅन्सरची सुरुवात असाही नाही. तुमच्या गर्भाशयमुखाच्या, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या, पेशींमध्ये एचपीव्ही हा विषाणू सापडला आहे आणि त्या पेशी दिसायला अजून अगदी धडधाकट आहेत, इतकाच तो कागद सांगतो. डॉक्टरांनी वर्षानं बोलावलं ते बरोबर केलं. विषाणू आपणहून जायला तेवढा अवधी बहुधा पुरतो आणि एवढ्या काळात सहसा काही बिघडत नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. बायकांच्या तोंडून त्यांची दुखणी मला फारशी ऐकायला मिळत नाहीत, त्यांच्या स्लाइड मात्र रोज माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली येतात. एचपीव्हीनं बिघडलेली पेशी एकदा पाहिली की विसरत नाही. एरवी नितळ गोल असणारं केंद्रक मनुक्यासारखं सुरकुतलेलं, गडद, आणि त्याच्याभोवती पांढरं, रिकामं कडं. आजूबाजूच्या पेशी शांत पसरलेल्या असतात आणि मध्येच ही एक, डोळा वटारून पाहिल्यासारखी. तुमच्या स्लाइडमध्ये अशी पेशी दिसली नाही म्हणूनच ‘पॅप नॉर्मल’ असं लिहिलं गेलं. विषाणू आहे, पण त्यानं अजून घर बिघडवलेलं नाही.

आता ‘हे आलं कुठून’ याकडे येते. त्याचं उत्तर हा विषाणू पेशीत शिरतो कसा, यातच आहे.

आपल्या कातडीचे आणि आतल्या नाजूक त्वचेचे थर असतात. नव्या पेशी जन्मतात फक्त सगळ्यांत खालच्या थरात. तिथून त्या हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात, शेवटी कोंड्यासारख्या गळून पडतात. एचपीव्हीला वरच्या पेशींचा काही उपयोग नाही, त्या आज ना उद्या गळणारच. त्याला हवी असते खालच्या थरातली, विभागत राहणारी पेशी. तिथवर पोचायला त्याला एक ओरखडा लागतो. डोळ्यांना न दिसणारा, दुखत नाही, रक्त येत नाही असा. शरीरसंबंधात असे ओरखडे सगळ्यांनाच होतात. गर्भाशयमुखावर तर दोन प्रकारच्या पेशींचा सांधा असतो आणि त्या सांध्याशी थर पातळ असतो. विषाणूला तिथे फारसं खोल जावंही लागत नाही, आणि हा कॅन्सर बहुतेक वेळा उगवतो तोही याच सांध्यावर.

ओरखड्यातून आत गेलेला विषाणू लगेच पेशीत घुसत नाही. थरांच्या तळाशी एक पातळ पडदा असतो, त्याला तो आधी चिकटतो. चिकटल्यावर त्याच्या कवचाचा आकार थोडा बदलतो, आपल्याच शरीरातलं एक विकर (एन्झाइम) त्याच्या एका प्रथिनाचा तुकडा कापतं आणि मग कुठे तो जखम भरायला पुढे सरकलेल्या पेशीला पकडतो. पेशीत गेल्यावरही केंद्रकाचं दार त्याला उघडता येत नाही. पेशी विभागताना केंद्रकाची भिंत काही वेळ विरघळते, तेवढ्यात तो आत जातो. या सगळ्याला तासन्‌तास लागतात, कधी दिवस उलटतो. सर्दीपडशाचे विषाणू याच्या मानानं फार चपळ. हा संथपणा लक्षात ठेवा, लसीची सगळी मदार त्यावर आहे.

आत गेल्यावर तो गप्प राहतो. पेशी फोडत नाही, रक्तात उतरत नाही, ताप आणत नाही. पेशी वर सरकत गेली की तिच्यासोबत आपल्या प्रती वाढवतो आणि गळणाऱ्या पेशींबरोबर बाहेर पडतो. आपल्या संरक्षण यंत्रणेला कळावं असा गलबलाच होत नाही. म्हणून तो महिनोन्‌महिने राहू शकतो. काही वेळा तर इतका दबून बसतो की तपासणीतही सापडत नाही, आणि कित्येक वर्षांनी पुन्हा डोकं वर काढतो.

म्हणून ताई, तुमच्या शरीरात हा कधी आला हे जगातली कुठलीच तपासणी सांगू शकत नाही. मागच्या वर्षी की लग्नाच्या पहिल्या वर्षी, तुमच्याकडून की यजमानांकडून, लग्नाआधीच्या कुठल्या काळातून, काहीही सांगता येत नाही. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू भेटतो. एकच जोडीदार असलेल्या बाईलाही भेटतो. या रिपोर्टवरून कुणाच्या वागणुकीचा निवाडा करणं म्हणजे पायाला चिखल दिसला म्हणून माणूस कुठून चालत आला ते ठरवणं. यजमानांवर संशय घेऊ नका आणि स्वतःवर तर मुळीच नको. त्यांना वेगळं औषध लागत नाही, आणि पुरुषांसाठी अशी नेहमीच्या वापरातली तपासणीही नाही. त्यांना सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर सांगा, एकटीनं वर्षभर हे ओझं वाहू नका. सांगताना हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

मुलीला तुमच्यापासून लागलं असेल ही भीती मनातून काढून टाका. एका बाथरूममुळे, धुतलेल्या कपड्यांमुळे, तिला कुशीत घेऊन झोपल्यानं असं होत नाही.

शंभर बायकांना हा संसर्ग झाला तर साधारण नव्वदींच्या शरीरातून तो दोन वर्षांच्या आत दिसेनासा होतो. काळजी उरलेल्यांची. एचपीव्हीचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. काहींनी हातापायांवर चामखीळ येते, काहींनी काहीच होत नाही, आणि मोजके प्रकार कॅन्सरकडे नेतात. त्यांतले १६ आणि १८ हे दोघेच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या सुमारे ७० टक्के रुग्णांमागे असतात. हे प्रकार वर्षानुवर्षं ठाण मांडून बसले की त्यांची दोन प्रथिनं खेळ बिघडवतात. पेशीत पी-५३ नावाचा एक राखणदार असतो. काही बिघडलं की तो पेशीला थांबवतो, नाहीतर मरायला लावतो. विषाणूचं ई-६ प्रथिन त्यालाच नष्ट करवतं. दुसरं, ई-७, विभागणीचा ब्रेक निकामी करतं. राखणदार नाही, ब्रेक नाही, मग पेशी विभागत सुटते. तरी संसर्गापासून कॅन्सरपर्यंतचा हा रस्ता साधारण पंधरा ते वीस वर्षांचा असतो. अंगातली प्रतिकारशक्ती कमी असेल, उदाहरणार्थ एचआयव्ही असेल, तर तो पाच-दहा वर्षांवर येतो. एरवी एवढ्या लांबच्या रस्त्यावर आपल्याला त्याला गाठायला भरपूर वेळ मिळतो. तुमच्या नणंदेच्या बाबतीत कुणी गाठायला गेलंच नाही. हे लिहिताना मला राग येतो, ताई. त्यांच्यावर नाही, आपल्या सगळ्यांवर.

विषाणू आणि हा कॅन्सर यांचं नातं हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञानं दाखवून दिलं. त्यांच्या प्रयोगशाळेला १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या गाठींमध्ये एचपीव्ही १६ सापडला, पुढच्या वर्षी १८. आधी बऱ्याच जणांना ते पटत नव्हतं. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण मला आवडते ती त्यानंतरची गोष्ट. विषाणू प्रयोगशाळेत वाढवणं फार अवघड होतं, मग लस बनवायची कशी? १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात जियान झोउ आणि इयान फ्रेझर यांनी विषाणूच्या कवचाची प्रथिनं, त्यांतलं मुख्य एल-१, पेशींकडून तयार करवून घेतली. ती प्रथिनं आपोआप एकमेकांत गुंतली आणि हुबेहूब विषाणूसारखा गोळा तयार झाला. पाच-पाच एल-१ प्रथिनांच्या ७२ गाठी, एकूण ३६० प्रथिनं, आणि आत विषाणूची जनुकं नाहीत. झोउ १९९९ मध्ये गेले. पहिली लस बाजारात आली २००६ मध्ये, ती त्यांना पाहायला मिळाली नाही.

सासूबाईंना लस समजवायची तर तान्ह्या पोळ्याचा बैल काढा. महालातलं घर आहे, एखादा लाकडी बैल कपाटावर असेलच. शिंगं आहेत, वशिंड आहे, झूल आहे, गळ्यात घुंगरं आहेत, पण तो शिंग मारत नाही की नांगर ओढत नाही, कारण आत जीव नाही. लसीतला गोळा तसा आहे. नुसतं रूप विषाणूचं. वाढायला लागणारी जनुकंच नसल्यानं तो संसर्ग करू शकत नाही, कॅन्सर करू शकत नाही. पण एकाच प्रथिनाच्या इतक्या गाठी एकसारख्या अंतरावर मांडलेल्या दिसल्या की आपली संरक्षण यंत्रणा खडबडून जागी होते. शिवाय हे इंजेक्शन दंडाच्या स्नायूत जातं, जिथे पहारा भरपूर असतो. खरा विषाणू पहारा चुकवून त्वचेच्या थरांतच लपतो. म्हणूनच खऱ्या संसर्गानंतर प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) जेमतेम तयार होतात, काही जणींत होतच नाहीत. लसीनंतर ती कितीतरी पटीनं जास्त होतात आणि वर्षानुवर्षं टिकतात.

ही प्रतिपिंडं रक्तातून गर्भाशयमुखाच्या स्रावात झिरपतात. आणि ओरखडा पडला की तिथे रक्तातला पातळ द्रव पाझरतो, त्याच्यासोबतही ती येतात. म्हणजे विषाणू ज्या वाटेनं आत येतो त्याच वाटेवर ती हजर असतात. विषाणू तळाच्या पडद्याला चिकटण्याआधी त्याच्या कवचाला जाऊन बिलगतात. चिकटला तरी पेशीत शिरायला त्याला तासन्‌तास लागतात, तेवढ्या वेळात पुन्हा अडवलं जातं. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला संथपणा तो हा.

पण एकदा विषाणू पेशीत शिरला की प्रतिपिंडांना तिथे पोचता येत नाही. म्हणून लस ही औषध नाही. तुमच्या आत्ताच्या संसर्गावर तिचा उपयोग नाही, आणि तुमच्या वयात लसीपेक्षा वेळेवर तपासणी जास्त मोलाची. म्हणूनच ती नऊ ते चौदा या वयात द्यायची असते. सासूबाई म्हणतात, लग्न व्हायचं आहे अजून. अगदी खरं. व्हायचं आहे म्हणूनच आता द्यायची. पाऊस पडायला लागल्यावर कवेलू फेरायला कुणी छपरावर चढत नाही. शिवाय या वयात शरीर प्रतिसादही उत्तम देतं.

मेसेजमधल्या मुलींच्या मृत्यूंची गोष्ट टाळणार नाही. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात आणि गुजरातेत आदिवासीबहुल भागांत या लसीचा एक प्रकल्प झाला. त्यात सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये काम थांबवलं गेलं. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, साप चावणं, बुडणं अशी कारणं निघाली. पण त्याच चौकशीत हेही निघालं की आश्रमशाळांतल्या कित्येक मुलींसाठी पालकांऐवजी वॉर्डननं सह्या केल्या होत्या. ती चूक मोठी होती. लोकांचा विश्वास तेव्हा उडाला आणि त्याची किंमत पुढे कितीतरी वर्षं मुलींनी मोजली.

त्या थांबण्यातून एक अनपेक्षित गोष्टही घडली. तेव्हाच भारतात आणखी एक मोठा अभ्यास सुरू होता, आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं बार्शीही त्यातलं एक केंद्र. दोन डोस बरे की तीन, हे त्यात पाहायचं होतं. काम थांबल्यामुळे हजारो मुलींचा एकच डोस झाला आणि राहिला. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. दहा वर्षांनी, २०२१ मध्ये, निष्कर्ष आले. एक डोस मिळालेल्या मुलींनाही १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळालं होतं, दोन-तीन डोसवाल्यांच्या बरोबरीचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये एक डोसही चालेल असं म्हटलं, त्याला या आपल्या मुलींचा मोठा आधार आहे. हे वाचलं की बार्शीच्या आसपासच्या त्या पोरींना, आता तिशीकडे आलेल्या असतील, भेटून हात धरावासा वाटतो.

मूल न होण्याबद्दल. लस स्नायूत जाते, तिच्यात हार्मोन नाहीत, आणि जगभर कोट्यवधी मुलींना दिल्यावरही वंध्यत्वाशी तिचा संबंध सापडलेला नाही. उलट गर्भाशयमुखात कॅन्सर झाला तर बऱ्याचदा पिशवी काढावी लागते किंवा रेडिएशन द्यावं लागतं, आणि तिथे मूल होण्याची वाट खरोखर बंद होते. मूल होण्याची काळजी असेल तर ती लसीच्या बाजूनं बोलते. स्वीडनमध्ये सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्या मुलींमध्ये हा कॅन्सर ८८ टक्क्यांनी कमी आढळला, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडे मात्र दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर नव्यानं होतो.

लसीचं व्यावहारिक सांगते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही लस जानेवारी २०२३ मध्ये आली. ती ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांवर आहे, मुलांनाही चालते. पुरुषांना याच विषाणूनं घशाचे आणि इतर काही कॅन्सर होतात, तेव्हा मुलीला धाकटा भाऊ असेल तर त्याचाही विचार करा. नऊ प्रकारांवरची लसही मिळते, महाग असते. खासगी दवाखान्यात या वयाला सहसा सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस देतात. सरकारी केंद्रात मिळते का, ते आधी विचारा. यीस्टची तीव्र ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना सांगा. त्या दिवशी तिला पोटभर खाऊ घालून न्या, बाही सैल असू द्या आणि टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवा. या वयाच्या मुली इंजेक्शनच्या धास्तीनं चक्कर येऊन पडतात, मग लसीचं नाव खराब होतं. एक-दोन दिवस दंड दुखेल, थोडा ताप येईल. लस घेतली तरी तिशीनंतर तिला तपासणी लागेलच, कारण सगळे प्रकार लसीत नाहीत.

तुमची पुढची तपासणी वर्षानं. विषाणू गेलेला असेल तर उत्तम. असेलच, तर दुर्बिणीनं तपासतात, आणि पेशी बिघडलेल्या दिसल्या तर तेवढाच भाग थंडावा किंवा उष्णता देऊन जाळतात, नाहीतर तारेनं काढतात. बहुतेक वेळा तासाभरात घरी. संबंधानंतर किंवा पाळी नसताना रक्त गेलं, अंगावरून घाण वासाचं पाणी जायला लागलं, तर मात्र वर्षभर थांबू नका. धाराशिव जिल्ह्यातल्या एका लाखाहून जास्त बायकांच्या अभ्यासात आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीनंही या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. तुम्ही ती तपासणी करून घेतलीत, गुपचूप का होईना. धाडसाचं काम केलंत.

आता सासूबाई. तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त बोचलं ते ‘गाठ होती’ एवढंच वाक्य. त्यांची लेक गेली, आणि ती कशानं गेली ते त्यांना उच्चारता येत नाही. कुणीतरी त्यांना कधीतरी सांगितलं असेल, किंवा त्यांनी स्वतःच मनात धरलं असेल, की हा ‘तसल्या’ बायकांचा आजार. नातीला लस द्यायची म्हटलं की त्यांना ऐकू येत असेल की आपल्या लेकीचं काहीतरी चुकलं होतं. त्यांचा नकार नातीसाठी नसावाच. तो गेलेल्या लेकीची अब्रू राखायचा प्रयत्न असावा. मी त्यांना पाहिलेलं नाही, तरी मला असं वाटतं.

तेव्हा वाद घालू नका. दुपारी घर शांत असेल, त्या भाजी निवडत बसल्या असतील, तेव्हा जवळ बसा. लसीचं नाव काढू नका. नणंदेबद्दल बोला. तिचं काही चुकलं नव्हतं, आई, तिला जे झालं ते कुणालाही होतं, एका न दिसणाऱ्या ओरखड्यातून होतं, आणि ते मलाही झालंय, असं सांगा. हे शेवटचं सांगायला जड जाईल. पण त्यांच्या लेकीवरचा डाग पुसायला तुमच्या हातात याहून भक्कम पुरावा दुसरा नाही. त्या रडतील कदाचित. रडू द्या. मुलीच्या इंजेक्शनचं दुसऱ्या दिवशी बोला, किंवा चार दिवसांनी. बारा वर्षांची आहे, तेवढा वेळ तुमच्याकडे आहे. आणि जमलं तर त्या दिवशी दवाखान्यात सासूबाईंनाही सोबत न्या. टोचून झाल्यावर पंधरा मिनिटं नातीजवळ कुणीतरी बसायला लागतंच.